लांबट, काळी, दोन तांबड्या रेघांची

मी जन्माचा भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी एकदाही शूरासारखा वागलेलो नाही आणि वाचणाऱ्याने उगाच वाट बघत बसू नये. पाल, म्हैस, पोलीस, विहिरीचा काठ, वरच्या साहेबाचा खोकला, मी कशालाही भितो. आई म्हणायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. माझ्या पाठी तो लागला तो एका वहीच्या रूपाने, आणि ती वही मी स्वतः पसंत करून, निवडून, हौसेने घेतलेली होती.

तेव्हा मी विशीत होतो. घर लोणावळ्याला, वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. मला एक खोड होती. चालता चालता डोक्यात काहीतरी यायचं. फार मोठं काही नाही. बोगद्यातून बाहेर पडलेल्या गाडीचा धूर पावसाळ्यात वर न जाता आडवाच का लोळतो, म्हाताऱ्या माणसांच्या वहाणा नेहमी बाहेरच्या अंगाने का झिजतात, असलं काहीतरी. घरी पोचेपर्यंत ते विसरून जायचो आणि मग हरवलेल्या छत्रीसारखी त्याची रुखरुख लागायची. म्हणून मिळेल त्यावर लिहायला लागलो: लग्नपत्रिकेची पाठ, साखरेच्या पुड्याचा कागद, मालधक्क्यावरच्या जुन्या पावत्या. आई ते चिठोरे सरळ चुलीत घालायची. "तुझे विचार पेटतात मात्र छान हो," म्हणायची.

व्हर्नाक्युलर फायनल पास झालो आणि लोकल बोर्डाच्या शाळेवर नेमणूक आली. कामशेतला उतरायचं, वडिवळ्याच्या पुढे डोंगराच्या पोटात चालत जायचं, तिथलं एक गाव. गावाचं नाव मी लिहीत नाही. का ते शेवटी सांगेन. शाळा एका खोलीची, मास्तर एकच, म्हणजे मी. आयुष्यात पहिल्यांदा एकटा राहायला निघालो होतो, आणि बोलायला कोणी नसेल तर निदान लिहायला तरी काहीतरी हवं म्हणून मी वही घ्यायला लोणावळ्याच्या बाजारात गेलो.

दुकानदार हौशी होता. त्याने वह्यांचा ढीगच समोर मांडला. आधी लाल कापडाची वही काढली, व्यापाऱ्यांची. ती गादीवर बसून, लोडाला टेकून लिहायची. ती मांडीवर घेतली की मला विचारांऐवजी गुळाचे भाव सुचले असते. मग शाळेची, पाठीवर पाढे छापलेली. दुकानदार म्हणाला, "कोपऱ्याला जीभ लावून बघा." कागदाची पारख तशीच करतात. मी जिभेचं टोक लावलं तर त्या कागदाने थेंब क्षणात पिऊन टाकला. म्हणजे शाई फुटणार. मग एक तारखांची रोजनिशी निघाली. ती मला आवडली, पण भीती वाटली: एखाद्या दिवशी काहीच सुचलं नाही तर ते कोरं पान वर्षभर माझ्याकडे बघत बसणार. नको म्हटलं.

मग त्याने वरच्या फळीवरून एक गठ्ठा काढला आणि त्यातली एक वही फुंकर मारून माझ्या हातात दिली. काळा जाड पुठ्ठा, वर मेणकापड. लांबट आणि अरुंद, एका तळहातावर धरून उभ्या-उभ्या लिहावी अशी. बाजूला पेन्सिल अडकवायला कापडाचा फास. शिवण दोऱ्याची, पान उघडलं की सपाट पडून राहायचं. कागदाला जीभ लावली तर थेंब तसाच बसून राहिला. आणि प्रत्येक पानाच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, जवळजवळ आखलेल्या दोन तांबड्या रेघा.

"या रेघा कशाला?" मी विचारलं.

"ते आपल्याला काय ठाऊक! वरच्या धरणाच्या कामावर हा माल जायचा. काम आटपलं, गठ्ठा राहिला. पण पावसात टिकते बघा, हे नक्की."

मी त्यातलं तेवढंच ऐकलं, पावसात टिकते. मावळात राहायला निघालेल्या माणसाला दुसरं काय हवं? दुकानदाराने वर एक जांभळी पेन्सिलही दिली. तिचं टोक जिभेला लावून लिहिलं की अक्षर पाण्यानेसुद्धा पुसलं जात नाही. त्या वर्षांत घाटमाथ्यावर विजेसाठी धरणं होत होती आणि लोणावळ्यात आम्हाला त्यांचं कौतुकच होतं. सुट्टीच्या दिवशी लोक डबे घेऊन भिंत बघायला जायचे. मीही एकदा गेलो होतो. पाणी फार सुंदर दिसत होतं.

गावात माझी सोय एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पडवीत झाली. सगळं गाव त्याला आबा म्हणायचं, मीही म्हणायला लागलो. त्याच्या बायकोला मी मावशी म्हणायचो. दोघांना एकच लेक, ती लग्न होऊन डोंगरापलीकडे दिलेली. मावशींचा हात सढळ होता. नाचणीची भाकरी ताटात पडली की वर दूध ओतल्याशिवाय त्या सरकायच्या नाहीत. पहिले काही दिवस मी भ्यायलाच विसरलो, आणि माझ्या बाबतीत हे किती नवलाचं आहे ते आता तुम्हाला कळलं असेल.

आणि वही! वही मला इतकी आवडली की मी ती हातातून सोडायचोच नाही. दोन तांबड्या रेघांच्या मधल्या वाटेत मी एखादा शब्द लिहायचो आणि बाजूला त्याच्याबद्दल सुचलेलं. शाळा सुटली की बांधाबांधाने हिंडायचो. तिथे एक गोष्ट कळली आणि मी हरखून गेलो: प्रत्येक भाताच्या खाचराला नाव होतं. माणसाला असतं तसं. एक 'वाकडं', एक 'देवाचं', एक 'म्हातारीचं', एक 'रुसकं', कारण त्यात पाणी थांबायचंच नाही. मी प्रत्येकाला विचारत सुटलो. हे खाचर कुणाचं? याला काय म्हणता? तो आंबा कुणाचा? या ओढ्याला पाणी कुठपर्यंत चढतं? पेन्सिल जिभेला लावायची आणि लिहायचं. आधी लोक हसून सांगायचे. मग नुसतं सांगायचे. मग एकाने माझ्या वहीकडे बघितलं, जिभेकडे बघितलं आणि "काम हाय" म्हणून निघून गेला.

त्यानंतर गाव बदललं. मी रस्त्याने निघालो की बोलणं थांबायचं. चावडीवर चिलीम ओढणारी माणसं मला बघून उठायची. शाळेत पोरं कमी व्हायला लागली आणि एके दिवशी एकही आलं नाही. मी मोकळ्या खोलीत खुर्चीवर बसून राहिलो. पावसाची झड लागलेली, दारात धुकं आलेलं, आणि मला एकदम जाणवलं की या डोंगराच्या पोटात मला ओळखणारं एकही माणूस नाही.

काय चुकलं असेल याचा मी रात्रंदिवस विचार केला. मला वाटलं, यांना मी चेटूक करणारा वाटलो असेन. कुणाचं तरी जनावर मेलं असेल आणि ते माझ्या माथी आलं असेल. मावशी अजून ताट वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत, आणि भाकरीवर दूध येईनासं झालं. भाकरीत काही घातलं असेल का, असाही विचार आला. लाज वाटली, पण आला. मी आधी एक तुकडा मांजरापुढे टाकला. मांजराने तो हुंगून सोडून दिला, त्यामुळे माझी भीती ना कमी झाली ना वाढली.

आणखी एक गोष्ट दिसत होती. आवणीचे दिवस उलटून चालले होते. आवणी म्हणजे भाताची रोपं काढून खाचरात लावायची. ती वेळेवर झाली नाही तर वर्षाचं भात गेलं. रोपं हातभर वाढून पिवळी पडायला लागली होती, खाचरं पाण्याने भरलेली, आणि एकही माणूस चिखलात उतरत नव्हता. मला शेतीतलं काही कळत नाही, पण पिवळं पडणं कळतं. मी त्याबद्दल आबांना विचारलं. ते म्हणाले, "बगू." आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे विचारलं नाही.

शेवटी मावशीच बोलल्या. मी चुलीपाशी कपडे वाळवत बसलो होतो. त्यांनी फुंकणी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "मास्तर, खरं सांगा. पानी कुटवर येनार?"

"कसलं पाणी, मावशी?"

"आमच्या चुलीवर येतंय, का देवळापाशी थांबतंय? तेवढंच सांगा. तुमच्या वहीत लिवलं असंल की."

मला आधी काही उमजेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांची लेक दिली होती ते डोंगरापलीकडचं गाव धरणाखाली गेलं होतं. तिथेही आधी असाच एक माणूस आला होता. असाच तरणा, असाच गोड बोलणारा. लांबट काळी वही, दोन तांबड्या रेघा. खाचरं कुणाची विचारायचा, आंबे कुणाचे, ओढ्याला पाणी कुठवर. पेन्सिल जिभेला लावायचा, जीभ जांभळी. लोकांनी त्याला ताक पाजलं आणि सगळं सांगितलं. त्या वर्षीही लोकांनी आवणी केली, त्याच्या पुढच्या वर्षीही केली, आणि मग उभ्या भातावर पाणी चढलं.

"म्हून औंदा कोन चिखलात उतरंना," मावशी म्हणाल्या. "पान्यासाठी कशाला लावायचं?"

माझी पाचावर धारण बसली. मी म्हणालो, शपथ घेतली, आईची घेतली, की मावशी, मी साधा शाळामास्तर आहे, हे माझं स्वतःचं लिहिणं आहे, कुणासाठी नाही, मी नुसतं लिहून ठेवतो.

मावशींनी मान हलवली. रागाने नाही, दमल्यासारखी. "त्यो बी आसंच म्हनायचा. नुसतं लिवून ठेवतो."

मी जितकं नाही म्हणेन तितका मी तोच ठरत होतो. आबा दारात येऊन उभे होते, त्यांच्यामागे आणखी दोघेतिघे. त्यांनी ऐकलं होतं. मी म्हणालो, "ही वही जाळून टाकतो. आत्ता, तुमच्यासमोर." आणि खरंच चुलीकडे हात केला. त्यांतला एक म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर. त्या गावातल्या पोरांनी बी त्याची वही पळवून जाळलीती. आठ दिसांत नवी घिऊन आला. तशीच." वही माझ्या हातातच राहिली. ती जाळायलासुद्धा कुणाला नको होती.

दुसऱ्या दिवशी मी पळून जायचं ठरवलं. नोकरी गेली खड्ड्यात. ट्रंक डोक्यावर घेतली आणि सकाळीच ओढ्यापाशी आलो. ओढा फुगला होता. गढूळ पाणी काठावरच्या उंबराच्या मुळांपर्यंत आलं होतं आणि त्यातून लाकडाचे ओंडके जात होते. मी एक पाय घातला आणि काढला. मागे वळून बघतो तर बांधावर माणसं उभी. इरली पाठीवर घेतलेली, म्हणजे पावसासाठी बांबूच्या कामट्यांवर पानं घालून केलेली टोपरी, त्यामुळे तोंडं दिसत नव्हती. कुणी हललं नाही. त्यांच्या मनात काय असणार ते मला कळलं: लिहायचं संपलं, आता हा ते पोचतं करायला निघाला. पुढे ओढा, मागे ते. ट्रंक डोक्यावरून घसरून चिखलात पडली.

आबा पुढे आले. त्यांनी ट्रंक उचलली. "चला, घरी चला," म्हणाले. आवाज मऊ होता. दटावलं असतं तर मला इतकं भय वाटलं नसतं.

गावाने देवाला कौल लावला होता हे मला त्या वाटेत कळलं. भैरोबाच्या अंगाला पाकळ्या चिकटवून विचारायचं, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आवणी करायची का नाही, हे विचारलं होतं. पण त्या पावसात देवही ओला, पाकळ्याही ओल्या. उजवी पडेना, डावी पडेना. "द्येव काय बोलंना," आबा म्हणाले. "म्हून लेकीला सांगावा धाडलाय. तिनं त्यो मानूस जवळनं बगितलाय. तिच्याच वसरीला जेवायचा. ती सांगंल तुमी कोन ते."

"आणि ती म्हणाली की तोच, तर?" मी विचारलं. आबा ट्रंक घेऊन पुढे चालत राहिले. चिखलात त्यांच्या पायांचा चपक-चपक आवाज तेवढा येत राहिला.

ती आली त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी, ओढ्याच्या वाटेने नाही तर डोंगरावरून उतरून. तिच्या माणसांनी पाण्याच्या वरच्या अंगाला झोपड्या घातल्या होत्या, तिथून. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, पण चेहऱ्यावरून थोराड दिसायची. गाव देवळात जमलेलं. बाहेर धुकं असं दाटलेलं की दीपमाळसुद्धा दिसत नव्हती. मला खांबापाशी बसवलं होतं. खरं तर कुणी बसवलं नव्हतं, माझे मीच बसलो होतो, कारण उभं राहवत नव्हतं.

तिने इरलं बाजूला ठेवलं, पदराने हात पुसले आणि वहीसाठी हात पुढे केला. मी दिली. तिने ती उलटीपालटी केली. मेणकापडावरून अंगठा फिरवला. पेन्सिलीचा फास बघितला. मग उघडली, आणि त्या दोन तांबड्या रेघा दिसल्या तसा तिचा हात थांबला.

"हीच," ती म्हणाली. "अशीच व्हती."

मागून कुणीतरी उठल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता संपलं. आईला कळायलाच आठवडा जाईल.

पण ती अजून वहीकडेच बघत होती. "मला वाचाया येत न्हाई," ती म्हणाली. "त्यानं काय लिवलं ते बी मला कदी कळलं न्हाई. तुमी वाचा. काय लिवलंय त्ये आमाला ऐकवा."

मी वही घेतली. अक्षरं डोळ्यांपुढे नाचत होती. कुठून वाचावं, काय गाळावं, काही सुचेना. थोडी अक्कल शिल्लक असती तर चांगलं-चांगलं निवडून वाचलं असतं. पण भ्यालेल्या माणसाला निवड करता येत नाही. जे पान उघडलं तेच वाचत सुटलो.

"आज आबांच्या म्हशीला भिऊन उंबरावर चढलो. ती नुसती अंग घासायला आली होती. बराच वेळ वर होतो. खाली उतरताना सदरा फाटला."

मागे कुणीतरी फसकन् हसलं. ही गोष्ट सगळ्या गावाने पाहिली होती, मला वाटत होतं कुणी पाहिली नाही. मी पान उलटलं.

"पायाला जळू लागली. आबांनी तंबाखूची चिमूट लावून काढली. मी ओरडलो. शाळेतल्या पोरांनी ऐकलं नसावं."

"समद्या वाडीनं ऐकलं!" एक म्हातारी म्हणाली. आता दोघंतिघं हसली. पण ती लेक हसली नाही. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, आणि माझा आवाज आणखी कापायला लागला. पुढे वाचलं.

"रुसक्या खाचराचं नाव मला फार आवडलं. मीही लहानपणी असाच होतो. काही म्हणून पोटात ठरायचं नाही." मग, "मावशींच्या चुलीपाशी बसलं की कमी भीती वाटते. त्या काही विचारत नाहीत." मावशींनी पदर तोंडाला लावला. मी पान उलटलं, आणि ते आदल्या दिवशी, मावशी बोलायच्या आधी लिहिलेलं पान होतं. ते मला वाचायचं नव्हतं. पण तोंड चालू होतं, ते थांबेपर्यंत वाचून झालं.

"या लोकांनी मला मारलं तर कुणाला कळणार नाही. आई वाट बघेल. मी काय केलं आहे हे तरी मला कुणी सांगावं."

हसू बंद झालं. मी वही मिटली आणि रडायला लागलो. विशीतला मास्तर, देवळात, साऱ्या गावासमोर, हुंदके देऊन. माझ्या शाळेतली पोरंही तिथे होती. मला तेव्हा कशाचीच लाज वाटत नव्हती.

ती लेक उठली. तिने आपल्या बापाकडे बघितलं, मग बाकीच्यांकडे.

"ह्यो त्यो न्हवं," ती म्हणाली.

"वही तर तीच म्हन्लीस की," आबा म्हणाले.

"वही तीच हाय. मानूस त्यो न्हवं." ती बापाकडे वळली. "आबा, आमी त्याला घेरलंतं एकदा. धा-वीस बाया. हातात कोयतं. त्यानं हसून पानी मागितलं. त्यो भ्याला न्हाई. आमच्या गावाला येवढं भ्या वाटत व्हतं, आन् त्याला कशाचं बी न्हाई. ह्याचं बगा की. ह्याचं हात बगा. ह्यो भितोय. आपल्यावानीच भितोय."

मी माझ्या हातांकडे बघितलं. खरंच, थरथरत होते. आयुष्यभर ज्याबद्दल मी बोलणी खाल्ली, त्याचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो त्या एका दुपारी.

एका बाईच्या सांगण्यावर गाव चिखलात उतरेल का, याची मला खात्री नव्हती. पण दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आबांनी बैल जुंपले. 'देवाच्या' खाचरात पहिली चिखलणी झाली, बायका रोपांच्या मुठी घेऊन ओळीने वाकल्या. मलाही ओढलं. मी लावलेली रोपं पाण्यावर तरंगायची आणि मागून येणारी म्हातारी ती पुन्हा खोचत मला शिव्या घालायची. त्या शिव्या मला फार गोड लागल्या. संध्याकाळी मावशींनी भाकरीवर दूध ओतलं.

आबांची लेक आवणी संपेपर्यंत माहेरी राहिली. ती सगळ्यांत पुढे असायची, तिच्यासारखा हात कुणाचाच चालत नव्हता. तिला आता स्वतःचं खाचर नव्हतं, हे तिच्या हाताला ठाऊक नसावं. तिचे उपकार कसे फेडावे हे मला कळत नव्हतं. माझ्याजवळ देण्यासारखं एकच होतं. शेवटच्या दिवशी ती बांधावर पाय धूत बसली होती, तेव्हा मी वही घेऊन तिच्याजवळ गेलो.

"ताई," मी म्हणालो, "तुमच्या गावातल्या खाचरांनाही नावं असतील. मला सांगा. मी लिहून ठेवतो. म्हणजे ती राहतील कुठेतरी."

मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. मी चांगल्या मनाने विचारलं होतं. पेन्सिल जिभेला लावली आणि पान उघडून उभा राहिलो.

तिने पायावरचा चिखल चोळून काढला. मग वर बघितलं, माझ्याकडे नाही, वहीकडे. तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती बघितली. देवळात ही भीती नव्हती.

"नगं, मास्तर," ती म्हणाली. "एकदा सांगितलीती समदी."

आणि उठून, उरलेली रोपं घेऊन ती पुन्हा खाचरात उतरली. मी वही मिटून खिशात घातली. त्या वहीत मी पुढे कुठल्याही गावाचं नाव लिहिलं नाही; इथेही त्या गावाचं लिहिलं नाही ते म्हणूनच.